दोन किलो पितळ

ज्या संध्याकाळी आम्ही दोघा भावंडांनी पैजेसाठी वजन केलं, त्या संध्याकाळी माझ्या कमरेला दोन किलो पितळ होतं. ही गोष्ट मी सात महिने कुणालाही सांगितली नाही. बायकोलाही नाही. तसा मी मुळातच कमी बोलणारा. घरात म्हणतात, याच्याकडून शब्द काढायला पक्कड लागते. पण हे न बोलणं स्वभावातलं नव्हतं. हे लपवणं होतं.

माझं काम वजनकाटे दुरुस्त करण्याचं. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं झाली. वाण्याचे, मिठाईवाल्याचे, मासळी बाजारातले, भंगारवाल्याचे, सगळे काटे माझ्या हाताखालून जातात. काटा उघडायचा, आतली झुरळं बाहेर काढायची (मिठाईवाल्याकडची सगळ्यांत गुबगुबीत), बिघाड काढायचा आणि मग तपासणीची वजनं ठेवून बघायचं. मध्ये ठेवून एक आकडा आणि कोपऱ्यात ठेवून दुसरा, असं चालत नाही. चारी कोपऱ्यांवर तोच आकडा आला पाहिजे. या तपासणीसाठी माझ्याकडे एकेक किलोची दोन पितळी वजनं असतात. ती ठेवायला कमरेचा जाड कॅनव्हासचा पाउच. काम झालं की वजन पाउचमध्ये, टेबलावर नाही, जमिनीवर तर मुळीच नाही. कारण वजन पडलं, कोपरा झिजला, तर मग ते वजन राहत नाही, नुसता पितळेचा तुकडा होतो. हे मला माझ्या पहिल्या मिस्त्रीने शिकवलं आणि हाताला इतकं बसलं की झोपेतसुद्धा मी वजन पाउचमध्येच ठेवेन.

त्या सवयीनेच घोटाळा केला.

माझी ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, अठ्ठावन्न पूर्ण. मुलुंडला आमच्या बिल्डिंगपासून दोन गल्ल्या सोडून राहते. भाऊजी तीन वर्षांपूर्वी गेले, मुलगी बंगळुरूला. भाऊजी गेल्यावर वर्षभर ती दाराबाहेर पडेना. मग तिच्या बिल्डिंगमधल्या चौघीजणींनी तिला एके दिवशी अक्षरशः हाताला धरून बागेत नेलं आणि तेव्हापासून रोज सकाळी सहाला या पाचजणींच्या बागेत फेऱ्या सुरू झाल्या. सात दिवस, सुट्टी नाही. ताई पुन्हा हसायला लागली ती त्या बागेत. हे मला माहीत होतं. हे माहीत असूनही मी पुढे जे केलं ते केलं, म्हणून आधी सांगून ठेवतो.

गेल्या गणपतीत ताईच्या घरी पाच दिवस मोदक हाणून झाले आणि आम्हा दोघांचे रक्ताचे रिपोर्ट एकाच दिवशी आले. डॉक्टर आमच्या घरचेच म्हणावेत असे, आमच्या आईलाही तेच बघायचे. त्यांनी दोघांचे कागद शेजारी ठेवले आणि म्हणाले, "बहीण-भावाचं प्रेम असावं, पण साखरसुद्धा सारखी? दोघांनीही वजन उतरवा. दिवाळीनंतर या."

जिन्यातच आमची जुंपली.

"मी चालतेच आहे," ताई म्हणाली. "आता दोन फेऱ्या वाढवते."

"चालून काय होतंय? चालणं हा काय व्यायाम आहे? बाजारात जाताना पण आपण चालतोच. घाम निघाला पाहिजे. मी धावणार."

ताईला राग आला किंवा लाड आला की ती मालवणीत शिरते. ती पायरीवर थांबली. "मेल्या, तू धावतलंस? कित्याक? पाठी वाघ लागलो हा काय?"

तिथेच पैज लागली. वसुबारसेपर्यंत ती चालणार, मी धावणार. वसुबारस अशासाठी की त्यानंतर फराळ, आणि फराळात कुणाचाच भरवसा नाही. जो कमी वजन उतरवेल त्याने भाऊबीजेपासून दुसऱ्याचा व्यायाम धरायचा. तीच त्या वर्षीची ओवाळणी.

वजन कुठे करायचं? ताईच्या घरी बाथरूमचा काटा होता, पण तो एका लादीवर पंचाहत्तर दाखवायचा आणि दुसऱ्या लादीवर एक्याऐंशी. ताई सोयीची लादी निवडायची. मी म्हटलं, मी वर्कशॉपमधून प्लॅटफॉर्म काटा आणतो. त्यावर सगळे खूश. घरात काट्याची गोष्ट निघाली की माझा शब्द शेवटचा असतो. लग्नाचे लाडू आले तरी मला बोलावून मोजून घेतात.

दुसऱ्या दिवशी कामावरून थेट काटा घेऊन ताईकडे गेलो. हॉलमध्ये तिच्या चौघी मैत्रिणी साक्षीदार म्हणून बसलेल्या. त्यांच्यातल्या पुढारी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. आवाज असा की बागेच्या एका टोकाला बोलल्या तर दुसऱ्या टोकाचे आजोबा "प्रेझेंट" म्हणतील.

"काटा बरोबर आहे कशावरून?" बाईंनी विचारलं.

मला तर तेच हवं होतं. मी शर्ट वर केला, पाउचमधून वजनं काढली, एक किलो मध्ये ठेवलं, मग चारी कोपऱ्यांत. एक, एक, एक, एक. मग दोन्ही ठेवली. दोन. चौघींनी माना डोलावल्या. मी वजनं उचलली, पाउचमध्ये ठेवली, चेन ओढली, शर्ट खाली केला.

ताई चढली. अठ्ठ्याहत्तर किलो चारशे. बाईंनी कॅलेंडरच्या पानामागे लिहिलं.

मग मी चढलो. एक्याण्णव किलो सहाशे.

"अगो बाई!" ताई खळखळून हसली. "मी म्हणत होते याला शर्ट का घट्ट होतात! नव्वदी पार केलीस रे!"

सगळ्या हसल्या, मीही हसलो. चहा झाला, चिवडा झाला, घरी आलो, हात धुतले, शर्ट काढला, पाउचचा पट्टा सोडला. आणि पाउच हातात जड लागला.

तुम्ही म्हणाल, दोन किलो कमरेला असताना कळत नाही? नाही कळत. कपाळावर चढवलेला चष्मा माणूस घरभर शोधतो, तसं ते आहे. एकतीस वर्षं कमरेला असलेली वस्तू ही कमरच होते.

तेव्हा फोन उचलायचा होता. "ताई, गंमत झाली, दोन किलो वजा कर," एवढंच म्हणायचं होतं. जिंकायचं म्हणून मी गप्प बसलो असं वाटेल, पण पहिल्या दिवशी तसं नव्हतं. मला लाज वाटली. काट्यातल्या माणसाचं स्वतःचंच वजन चुकलं, तेही चार बायकांसमोर कोपरे तपासून दाखवल्यावर. बाई जन्मभर ऐकवतील. म्हटलं, उद्या सांगू. उद्या म्हटलं, आता इतका उशीर झाला तर तिला वाटेल मुद्दाम केलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, मी भरपूर उतरवीन, दोन किलोंचा प्रश्नच येणार नाही. अशा रीतीने मी धावायला लागलो.

धावण्याबद्दल मला काही खोटं सांगायचं नाही, ते एकदा करून झालंय. धावण्यात मजा आहे. अर्ध्या तासात जो घाम येतो तो चालून येत नाही. डॉक्टरही म्हणाले की तेवढ्याच वेळात धावणं जास्त जाळतं. पण धावणं अर्धा तास असतं, आणि उरलेला दिवसही आपल्यालाच काढायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या सकाळी नवे बूट घालून बागेत उतरलो. समोरून पाचजणी रांगेत येत होत्या, ताई मध्ये.

"बाजूला व्हा गं, एक्सप्रेस आली!" बाई ओरडल्या.

मी शेजारून सुसाट गेलो. दुसऱ्या फेरीलाही गेलो. तिसऱ्या फेरीला पोटऱ्यांनी नकार दिला आणि मी बाकावर बसलो. त्यानंतर पाचजणी माझ्यासमोरून सहा वेळा गेल्या. प्रत्येक वेळी कुणीतरी काहीतरी बोललं.

"एक्सप्रेस यार्डात गेली वाटतं."

"सिग्नल मिळत नसेल."

"असू दे गं त्याला," ताई म्हणाली, "माझा भाऊ आहे तो. दम खातोय. तेवढंच खायला परवानगी आहे त्याला."

ते खरं नव्हतं. बागेच्या फाटकाशी एका बाजूला कारल्याचा नि दुधीचा रस विकणारा बसतो, दुसऱ्या बाजूला सायकलवर इडलीवाला. ताई कारल्याचा रस डोळे मिटून, देवाचं तीर्थ असल्यासारखा घ्यायची आणि मग तिचा चेहरा पाच मिनिटं जाग्यावर यायचा नाही. मी बाग सुटली की त्या सायकलपाशी. धावून जी भूक लागते ना, ती भूक नसते, ती वसुली असते. चार इडल्या, वर चटणी दोनदा, आणि मनात एकच वाक्य: आज धावलोय ना. तेच वाक्य लिफ्टच्या दारात. तेच वर्कशॉपात दुपारी समोशाला. ताईच्या तोंडी असं वाक्य नव्हतं. चालणं हे तिच्या मते व्यायामातच नव्हतं मुळी, ती मैत्रिणींना भेटायला जायची. त्यामुळे ती कशाचीही वसुली करत नव्हती. जिना चढायची, भाजीची पिशवी स्वतः उचलायची, आणि रात्री एक पोळी कमी खायची.

शिवाय मी धावायचो आठवड्यातून तीन दिवस. उरलेले चार दिवस पोटऱ्यांना तेल लावून बसायचो. बायको म्हणायची, "अहो, तेलाची बाटली जितकी उतरली तितके तुम्ही उतरला असता तर?"

दर शनिवारी मी वर्कशॉपच्या काट्यावर गुपचूप चढायचो. पाउच काढून. एकोणनव्वद सहाशे. एकोणनव्वद तीनशे. पुन्हा एकोणनव्वद पाचशे. खरा आकडा मला दर आठवड्याला माहीत होता, हे मुद्दाम लिहितो. नंतर कळलं, लक्षात आलं नाही, असली कुठलीही पळवाट मला ठेवायची नाही.

वसुबारसेला पुन्हा तोच हॉल, तोच काटा, त्याच चौघी. या वेळी मी वजनं ठेवून कोपरे तपासले आणि पाउच काढून सोफ्यावर ठेवला. कुणाच्या डोक्यातही आलं नाही, की मागच्या वेळी हा पाउच कुठे होता.

ताई: पंचाहत्तर किलो नऊशे. अडीच किलो उतरली होती. टाळ्या.

मी: अठ्ठ्याऐंशी पाचशे.

बाईंनी वजाबाकी केली. "तीन किलो शंभर! अगं, भाऊ जिंकला!"

खरी वजाबाकी एक किलो शंभर. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण तेवढ्यात कुणीतरी त्यात पेढा घातला, आणि मी तो खाल्ला.

ताई कॅलेंडरकडे बघत राहिली. "म्हणजे रोज चालून, कारलं पिऊन, मी कमी आणि हा बाकावर बसून जास्त?" मग स्वतःच मान हलवली. "धावणं ते धावणंच म्हणायचं. काटा काय खोटं बोलणार?"

भाऊबीजेला पाटावर बसलो. तिने ओवाळलं, सुपारी फिरवली, मी साडीचं पाकीट पुढे केलं. तिने ते बाजूला ठेवलं. "ठरलेली ओवाळणी वेगळी आहे. उद्यापासून मी धावणार."

"राहू दे गं, गंमत होती ती."

"शब्द म्हणजे शब्द. आणि मलाही उतरवायचंय ना वजन? चालण्यात दम नाही हे दिसलंच."

समोर तबकात निरांजन जळत होतं. त्यापेक्षा चांगली वेळ मला मिळणार नव्हती. मी करंजी उचलली.

ताई धावायला लागली. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली, पांढरे बूट. आणि खरं सांगतो, पहिले दोन आठवडे तिला ते आवडलं. "कानाला वारा लागतो रे," म्हणायची. "शाळेत खो-खो खेळायचे ना, तसं वाटतं." पण चौघींची चाल आणि तिचा वेग जुळेना. त्या मागे राहायच्या, ही पुढे. मग ती वेगळ्या वेळेला जायला लागली. तिसऱ्या आठवड्यात उजवा गुडघा सुजला. तिने सांगितलं नाही. आमच्या घरात सगळेच न सांगणारे. चौथ्या आठवड्यात जिना उतरता येईना.

डॉक्टरांनी फोटो काढले, गुडघा दाबून बघितला. "धावायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"काट्याने," ताई म्हणाली आणि हसली.

मी तिथेच स्टुलावर बसलो होतो. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी भिंतीवरच्या सांगाड्याकडे. विश्रांती, पट्टा, मग फिजिओथेरपी, जिना बंद, बाग बंद. बाग बंद म्हणताना ताईने एकदाच "किती दिवस?" असं विचारलं. डॉक्टर म्हणाले, बघू.

आता यातला जो भाग तुम्हाला हसवेल तो सांगतो. आठवड्याभरात ताईचा फोन आला. "ऐक. तू जायचं."

"कुठे?"

"बागेत. त्यांच्याबरोबर. फोनवर काही कळत नाही रे, चौघी एकदम बोलतात. तू सगळं ऐकायचं आणि इथे येऊन मला सांगायचं. तुला तसंही बोलायला आवडत नाही, ऐकायचंच तर आहे."

नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? दुसऱ्या दिवसापासून त्रेपन्न वर्षांचा मी चार बायकांच्या रांगेत पाचवा. पहिले दोन दिवस त्या जरा सावरून बोलल्या. तिसऱ्या दिवशी मी पुरुष आहे हे त्या विसरल्या, चौथ्या दिवशी मीही. कुणाच्या सुनेने कुकरमध्ये काय जाळलं, कुणाच्या नवऱ्याने निवृत्तीनंतर फडताळं लावायला घेतली आणि तिखटाचा डबा अजून सापडत नाहीये, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोण कुणाला काय म्हणालं, सगळं पाठ करत मी फेऱ्या मारायचो. चालता चालता पावलं मोजायचा प्रश्नच नव्हता, मजकूर इतका असायचा. बाग सुटली की तडक ताईकडे. ती पाय उशीवर ठेवून वाट बघत असायची.

"बोल."

"तिखटाचा डबा सापडला."

"कुठे?"

"देवघरात. हळदी-कुंकवाच्या मागे."

ताई इतकी हसली की गुडघ्याचा पट्टा सरकला. "आणि तू म्हणे बोलत नाहीस! असं रोज बोललास तर बायको नांदेल तरी."

इडलीवाल्याकडे जायला वेळच उरेना. लिफ्टचं तर ताईकडे जाताना लक्षातही राहायचं नाही, जिन्यातच मी बातम्यांची उजळणी करायचो. महिन्याभराने शनिवारी सवयीने काट्यावर चढलो. सत्त्याऐंशीच्या खाली. पुन्हा महिन्याने पंच्याऐंशी. धावून जे दोन महिन्यांत झालं नाही, ते बायकांच्या गप्पा ऐकत चालताना झालं, माझ्या नकळत. ताईचं म्हणणं माझ्याच पोटाने खरं करून दाखवलं होतं, आणि ते सांगायची सोय नव्हती.

त्यात सगळ्या बिल्डिंगभर माझं कौतुक. "बहिणीसाठी किती करतो हो! हल्ली कोण करतं?" बाईंनी तर बागेतल्या सगळ्या ओळखीच्यांना सांगितलं. ते ऐकताना कमरेला पुन्हा दोन किलो बांधल्यासारखं व्हायचं. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एप्रिलच्या सुरुवातीला फिजिओथेरपीवाल्या मुलीने ताईला अर्धी फेरी चालायची परवानगी दिली. आम्ही दोघं बागेत गेलो. अर्ध्या फेरीला वीस मिनिटं लागली. चौघी चार बाजूंनी, जशी पालखी चालली आहे. ताईचे डोळे भरले होते आणि ती "ऊन लागतंय" म्हणत होती. ऊन अजून झाडाच्या वरही आलं नव्हतं.

घरी परत गेलो तर टेबलावर बुटांचा नवा खोका.

"हे काय?"

"धावायचे बूट. जाड तळाचे, मुलीने पाठवलेत. पावसाळ्यापर्यंत गुडघा ठीक होईल, मग सावकाश सुरू करते."

"ताई, वेड लागलंय का तुला? चाल की. चालणं काय वाईट आहे? डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टर म्हणतात. पण चालून अडीच आणि धावून तीन शंभर, हे तूच मोजलंस ना? या वेळी चुकीचे बूट होते म्हणून दुखलं. अरे, साखर वाढलीये माझी बसून बसून. जे लागू पडतं तेच करायला नको का?" आणि मग तिने अगदी सहज, बूट खोक्यात ठेवताना म्हटलं, "तुझा काटा मी जन्मात खोटा मानणार नाही."

त्या आठवड्यात माझ्या हातून दोन काटे चुकीचे जोडले गेले. मिस्त्री असते तर त्यांनी कानफटात दिली असती.

पुढच्या रविवारी मी प्लॅटफॉर्म काटा घेऊन ताईकडे गेलो. ती एकटी होती. "आज काय रे? कसली पैज?"

मला बोलता येईना, म्हणून मी काम केलं. काटा मांडला. शर्ट वर करून पाउचमधून वजनं काढली. मध्ये एक किलो, मग चारी कोपरे. दोन्ही वजनं पाउचमध्ये ठेवली. चेन ओढली. शर्ट खाली केला. काट्यावर चढलो.

पंच्याऐंशी तीनशे.

"बारीक झालास की," ती म्हणाली.

काट्यावर उभ्या उभ्याच मी शर्ट वर केला, पट्टा सोडला आणि पाउच तिच्या हातात दिला. तिचा हात भाराने जरा खाली गेला. आकडा उतरून थांबला. त्र्याऐंशी तीनशे.

ताईने आकड्याकडे बघितलं. पाउचकडे बघितलं. स्वयंपाकघरात कॅलेंडर होतं तिकडे बघितलं. ती हिशोबात माझ्यापेक्षा नेहमीच हुशार. मी तिला जे सात महिन्यांत सांगू शकलो नव्हतो ते तिला कळायला एक मिनिटही लागलं नाही.

"गणपतीत?"

"हो."

"विसरून?"

"चढताना विसरून. त्याच संध्याकाळी कळलं."

ती खुर्चीवर बसली. पाउच मांडीवर. बराच वेळ चेन उघडत बंद करत राहिली. मी काट्यावरून उतरलोच नव्हतो. आकडा तसाच चमकत होता.

"मेल्या," ती शेवटी म्हणाली, पण त्यात नेहमीचा लाड नव्हता. "गुडघ्याचं मला काही नाही. धावले मी माझ्या हौसेनेही. पण तू मला माझं चालणं कुचकामी म्हणून दाखवलंस. हे गेल्यानंतर मला उभं केलं ते त्या चालण्याने, आणि मी पाच महिने पडल्या पडल्या त्याला नावं ठेवत होते."

"चुकलो" म्हटलं. तो शब्द फार लहान होता, पण माझ्याकडे तेवढाच होता.

मग तिने विचारलं, "आणि हे त्र्याऐंशी कशाने झालं?"

"तुमच्या ग्रुपबरोबर चालून."

आधी तिचे खांदे हलले. मला वाटलं रडते. पण ती हसत होती, अशी की पाउच मांडीवरून घरंगळला, आणि मी काट्यावरून झेप घेऊन तो जमिनीला लागायच्या आत पकडला.

"बघ! वजन पडू दिलं नाहीस!" ती ओढणीने डोळे पुसत म्हणाली. "बहिणीचा गुडघा गेला तरी चालेल, पितळ पडता कामा नये!"

ते मला लागलं. लागायलाच हवं होतं.

तिने कॅलेंडरचं जुनं पान काढून आणलं, पेन दिलं. मी एक्याण्णव सहाशे खोडलं, एकोणनव्वद सहाशे लिहिलं, आणि दुरुस्तीच्या पावतीवर करतो तशी खाली सही केली. बुटांचा खोका तिने माझ्याकडे सरकवला. "मुलीला सांगते, मामीच्या मापाचे निघाले म्हणून." मग दाराशी आल्यावर म्हणाली, "पण मी हरले ती त्या चौघींसमोर. त्यांना मी सांगणार नाही. ते तू सांगायचं. काटा वगैरे नेऊ नकोस, तोंडाने सांग."

"सांगतो."

"कधी?"

"उद्या."

त्याला आज नऊ दिवस झाले. ताई आता पाऊण फेरी चालते, मी तिच्या चालीने शेजारून चालतो, आणि तिखटाच्या डब्यानंतर आता मिठाची बरणी गायब आहे. रोज फाटकापाशी ताई माझ्याकडे एकदा बघते आणि चालायला लागते. रोज बाई कुणाला तरी सांगतात की हा भाऊ बघा.

हरलो मीच होतो, भाऊबीजेची ओवाळणी मी आता देतो आहे. पण त्या चौघींना मी अजून सांगितलेलं नाही. ते मी ताईचं देणं लागतो.